नाणं घासण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मंडळाच्या खोलीत एक मावशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी सतरंजीवर सात नाणी ठेवली. काळी, हिरवट, कडेला माती घट्ट बसलेली. बांधावर लिंबाचं रोप लावायला खड्डा घेताना लागली, म्हणाल्या. गाडग्याच्या खापऱ्याही निघाल्या होत्या, त्या तिथेच फेकून दिल्या. दोन दिवसांत बातमी गावभर झाली आणि तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एक माणूस हजर. "शिवकालीन आहेत, एकेकाचे पाच हजार देतो. पण कुणाला बोलू नका, आणि जागा तेवढी दाखवा." मावशी हुशार. त्या म्हणाल्या, मंडळात विचारून सांगते.

पुढे मंडळात जे झालं ते सांगायला आम्हाला लाज वाटते, तरी सांगतो. एक म्हणाली, आत सोनं असेल. दुसरी म्हणाली, देवीची असतील, परत पुरा. तिसरीने लेकाच्या खेळण्यातलं लोहचुंबक आणलं. आणि आमच्यातल्याच एकीने चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख आणली. दहा मिनिटांत एक नाणं नव्या तांब्यासारखं लखलखलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यावरची अक्षरं मात्र गेली होती.

मग मावशींना घेऊन आम्ही जिल्ह्याच्या गावी नाण्यांच्या एका जाणकारांकडे गेलो. आम्हाला वाटलं, ते आधी काटा काढतील, भिंग लावतील. त्यांनी नाण्यांना हातही लावला नाही. विचारत राहिले: कुठे मिळाली? किती खोल? कशात होती? बरोबर मणी, कोळसा, हाडं, आणखी काही होतं का? एवढीच होती, की काही कुणी उचलली? आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. त्या लखलखीत नाण्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बाजूला ठेवलं. ते गप्प राहणं आम्हाला फार लागलं.

हे प्रश्न त्यांनी आधी का विचारले, ते कळायला आपल्याला नाशिकला जावं लागेल.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जोगळटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. थोडाथोडका नाही, १३,००० पेक्षा जास्त नाणी. सगळी एकाच राजाची, नहपान त्याचं नाव. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिक, जुन्नर आणि कोकणच्या बंदरांवर त्याची सत्ता होती. तो क्षहरात घराण्यातला, शक लोकांपैकी, बाहेरून आलेला. नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं.

पण त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांचा चेहराच बिघडलेला होता. राजाच्या नाकावर, गालावर दुसरा ठसा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नदीसारखी नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला चार गोल जोडलेलं चिन्ह. भोवती ब्राह्मीत नवं नाव: गौतमीपुत्र सातकर्णी. म्हणजे आपला सातवाहन राजा. त्याने नहपानाची नाणी वितळवली नाहीत. जुन्या चेहऱ्यावरच आपला ठसा ठोकला आणि तीच चालवली. खालचं नाक, खालची अक्षरं अजून अर्धीमुर्धी दिसतात.

यातलं एखादंच नाणं बाजारात आलं असतं तर? न जाणणारा सराफ म्हणाला असता, ठसा बिघडलाय, खराब माल, वजनावर देऊन टाका. तोडे झाले असते त्याचे. पण १३,००० नाणी एकत्र राहिली, कुणीतरी बसून ती मोजली, किती ठसा मारलेली आणि किती कोरी ते लिहून काढलं, म्हणून ती बोलू लागली. साठ्यात ठसा मारलेलीही आहेत आणि न मारलेलीही. पुढच्या कुठल्या राजाची नाहीत. म्हणजे राज्य बदललं त्याच सुमाराला कुणीतरी ती पुरली आणि परत काढायला आलं नाही.

आता यातली खरी गोष्ट एका आईची आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचं लेणं आहे. ते गौतमी बलश्रीने भिक्षूंना दान दिलं. गौतमीपुत्राची ही आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावी गादीवर असताना, त्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने भिंतीवर मोठा लेख कोरवून घेतला. स्वतःची ओळख ती एका महाराजाची आई आणि एका महाराजाची आजी अशी करून देते. आणि मग लेकाबद्दल सांगते. त्याने शक, यवन, पह्लवांचा पराभव केला, क्षहरातांचं घराणं मुळापासून उपटलं, सातवाहनांचं यश परत मिळवलं.

हा लेख १९व्या शतकातच विद्वानांनी वाचला होता. पण आपण आया आहोत, आपल्याला ठाऊक आहे. आई लेकाचं कौतुक करणारच. शेजारीण म्हणेल, असू दे, आईच ती, थोडं वाढवून बोलली असेल. जोगळटेंभीच्या गाडग्यांनी तिची साक्ष काढली. नहपानाच्या चेहऱ्यावर मारलेले ते ९,००० ठसे म्हणजे बलश्रीच्या एका वाक्याचा पुरावा. लेणं आणि नाणी जवळजवळच्या गावांतली, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. म्हणून ते जाणकार आधी विचारत होते: कुठे, कशात, कशासोबत.

त्याच लेण्यांच्या ओळीत दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेलं. तिथे त्याची बायको, नहपानाची लेक दक्षमित्रा, हिच्या नावेही एका खोलीचं दान कोरलेलं आहे. आणि तिथला एक लेख तर बचत गटाच्या हिशेबाच्या वहीत शोभेल असा आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा गटच. २,००० एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं, अशी अट. करा हिशेब: २,००० वर वर्षाचे २४० झाले. त्यातून लेण्यातल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी. बरोबर जुळतं! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्या खजिनदार ताईंनी वहीत आकडे मांडून पाहिले आणि म्हणाल्या, लेखनिक चोख होता. पुढे तिथेच असंही लिहिलंय की ३५ कार्षापणांना एक सुवर्ण. जुन्या नाण्याची त्याच्या काळातली किंमत ही अशी कळते. आजच्या बाजारभावाशी तिचा काही संबंध नाही.

आता वळूया सगळ्यांना हव्या असलेल्या प्रश्नाकडे. खरं की खोटं, ओळखायचं कसं?

आधी हे लक्षात घ्या की बहुतेक जुनी नाणी ठोकलेली आहेत. धातूची तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. प्रत्येक घाव वेगळा. म्हणून एक अक्षर कडेबाहेर जातं, कधी कड चिरते, कधी ठसा तिरका बसतो. दोन नाणी हुबेहूब सारखी मिळत नाहीत. नक्कल करणारा सहसा खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. ओतीव नाण्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात, इडलीला पडतात तसे. कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट. आणि सगळ्यात मोठी खूण: कुणी पाच नाणी दाखवली आणि पाचांवर त्याच जागी तोच चिरा, तर पाचही एका साच्यातली. नवल असं की लोक उलटंच समजतात, सारखी दिसतात म्हणजे सरकारी असणार.

याला अपवाद आहे, तोही सांगायला हवा. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत आणि मिश्र धातूची काही ओतलेलीच आहेत. शिसं बघून 'हे तर भंगार' म्हणून फेकू नका. आपल्याकडची कितीतरी खरी जुनी नाणी शिशाचीच असतात. फक्त शिशाचं नाणं पाण्याच्या हंड्यात टाकू नका, लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. शिसं विषारी.

अक्षर चुकलेलं म्हणजे खोटं, हाही एक गैरसमज. नहपानाच्या नाण्यांवरची ग्रीक अक्षरं कित्येकदा धड वाचता येत नाहीत, कारण ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं. तो नक्षी समजून कोरत गेला. चेहरेसुद्धा एकसारखे नाहीत, कुठे तरणा, कुठे गाल बसलेला म्हातारा. पेशव्यांच्या काळातले अंकुशी, चांदवडी रुपये घ्या. त्यांवर फारसी अक्षरं आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव. मराठ्यांचं नाणं आणि त्यावर मराठी नाही, म्हणून खोटं म्हणाल तर फसाल. व्यापारात चालायला हवं म्हणून तसंच पाडत असत.

त्या काळात इतक्या टांकसाळींचे इतके रुपये चालत की पारख हाच एक धंदा होता. पोतदार नाणं पारखायचा. वजनात किंवा कसात कमी निघालं तर बदलून देताना काही रक्कम कापली जायची, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो ते तिथलंच. पोतदार नाणं दगडावर वाजवून बघायचा, खणखणीत वाजलं की घेतलं. पण ती परीक्षा चालत्या नाण्याची. हजारो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. ती खरी असूनही बद्द वाजते, आणि दगडावर आपटली तर दोन तुकडे. तेव्हा जमिनीतून निघालेलं नाणं वाजवायचं नाही.

वजन मात्र जरूर करा. आज्जीच्या पेटीतला राणीछाप रुपया बहुतेकींनी पाहिला असेल. १८३५ पासून कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा ठरलेला, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात शंभरात जवळपास ९२ भाग चांदी. झिजून थोडा कमी भरेल, पण १० भरला तर प्रश्न विचारा. आणि जास्त भरला तरीही विचारा, कारण रुपया झिजतो, वाढत नाही.

सराफाकडे असतो तसा बारीक काटा मिळाला तर पाण्याची परीक्षा घरी करता येते. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा. रुपयाला दोरा बांधून पाण्यात सोडा, पूर्ण बुडायला हवा, पण तळाला नि काठाला टेकायला नको. काटा जेवढं दाखवेल तेवढ्याने नाण्याच्या वजनाला भागा. खऱ्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास येतो. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर काटा १.३ च्या वर जातो, भागाकार साडेआठावर येतो. दोन-तीनदा करून बघा, पहिल्यांदा दोरा हलतोच. शिसं मिसळून कुणी हा हिशेबही जुळवू शकतो, पण तेवढी अक्कल चालवणारे थोडे.

चुंबकाचं काय? सोनं, चांदी, तांबं, शिसं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर चांदीचं नाही, एवढं नक्की. पण १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया चिकटतो आणि तो खराच असतो, कारण तोवर रुपया निकेलचा झाला होता. १९४० नंतर आधी चांदी निम्म्यावर आली, मग गेलीच. न चिकटणारं सगळं खरं, असंही नाही. पितळही चिकटत नाही.

राहिला हिरवा-काळा थर. तांब्यावरचा तो थर शेकडो वर्षांत बसतो, अक्षरांच्या खोबणीत घट्ट. नक्कल करणारे आम्ल लावून, रंग फासून एका आठवड्यात तसा थर आणतात. तो सगळीकडे सारखा दिसतो आणि नखाला येतो. पण हे तपासायला थर खरवडू नका. तोच नाण्याचं वय सांगतो आणि तोच खालचं अक्षर धरून ठेवतो. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, यातलं काहीही नको. आम्ही सांगतोय म्हणजे अनुभवाने सांगतोय.

मावशींची ती सहा न घासलेली नाणी जाणकारांनी शेवटी भिंगाखाली धरली. शिवराया निघाल्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आम्ही हात जोडले. पण त्यांनी मधल्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. याला दुदांडी शिवराई म्हणतात. शिवाजी महाराजांनी सुरू केलेली शिवराई लोकांच्या इतकी विश्वासाची झाली की महाराजांनंतरही पिढ्यानपिढ्या त्याच नावाने ती पाडली जात राहिली, पेशवाईत आणि तिच्या नंतरही. कधी 'शिव'चं 'सिव' झालं, वजन घटलं, पण नाव तेच. दुदांडी ही त्यातली उशिराची. शिवकालीन नव्हे, पण खोटीही नव्हे. आणि अशा शिवराया इतक्या सापडल्यात की पाच हजारांना कुणी घेत नाही.

मग तो मोटारसायकलवाला पाच हजार का म्हणाला? जाणकार हसले. "त्याला नाणी नको होती. जागा हवी होती."

जुनं म्हणजे महाग, हे मनातून काढून टाका. आपल्या देशातली सगळ्यात जुनी चांदीची नाणी, छोटे छोटे ठसे मारलेली, ज्यांना आहत नाणी म्हणतात, ती दोन हजारांहून जास्त वर्षांची आहेत. पण हजारोंनी मिळाल्यामुळे साधी आहत नाणी फार महाग नसतात. उलट शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन साडेतीनशे वर्षांचा, वजनाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, पण खरे होन हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. म्हणूनच नकली होन जत्रेपासून बाजारपेठेपर्यंत सगळीकडे. आठवण म्हणून प्रतिकृती विकणं वाईट नाही, ती गडावर सापडली म्हणून विकणं ही फसवणूक. कुणी तुम्हाला होन देऊ केला, तर तो खोटा आहे असं धरूनच बोलायला सुरुवात करा.

तसंच ते रामदरबाराचं नाणं. राम, लक्ष्मण, सीता, मारुती, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि 'हाफ आना' किंवा 'यूकेएल वन आना'. कितीतरी देव्हाऱ्यांत आहे. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. देव्हाऱ्यात ठेवून पूजा करायची तर खुशाल करा, तुमची श्रद्धा खरी आहे. पण ते तांदूळ ओढतं, त्यात शक्ती आहे, परदेशातली कंपनी कोटी देते, असं सांगून कुणी 'तपासणीचा खर्च' मागितला तर दार लावून घ्या. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, देवीचं चित्र असलेलं नाणं लाखाला विका, असे फोन येतात, तेही याच घरचे. आधी नोंदणीचे पैसे, मग कराचे, मग कमिशनचे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि कुणाकडून कमिशन घेत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका गटातल्या वहिनींनी असे टप्प्याटप्प्याने पैसे भरले आणि घरी सांगायची हिंमत झाली नाही म्हणून आणखी भरले. त्या आमच्याशी बोलल्या हेच मोठं. ऐकणारीपैकी कुणी सध्या असे हप्ते भरत असेल तर आजच थांबवा आणि कुणाला तरी सांगा. शरमेची पाळी तुमच्यावर नाही, त्यांच्यावर आहे.

दागिन्यांतल्या नाण्यांबद्दल बायका हमखास विचारतात. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिस शहराची. साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ निखळ सोनं, त्यावर गुडघे टेकलेला तिथला शासक, त्याच्यापुढे संत, आणि मागे येशू. व्यापारातून ती इथे आली. माणसांची चित्रं म्हणून आपल्या बायकांनी तिला पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं. पुढे इथल्या सोनारांनी तशाच घडवल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. भोक पाडलेलं, कान लावलेलं नाणं संग्राहक कमी भावात घेतात. आम्हाला ते काही पटत नाही. ते भोक म्हणजे कुणा बाईने ते जपल्याची खूण आहे. आणि ही हौस आजची नाही. तेर इथे सातवाहन काळातली मातीची पदकं मिळाली आहेत, रोमच्या नाण्यांची नक्कल करून, वर दोरा ओवायला कान ठेवून केलेली. नक्कलच म्हणायची, पण दोन हजार वर्षांची नक्कल, आणि तेवढीच मोलाची.

शेवटचा भाग कायद्याचा. भीती सगळ्यांना त्याचीच. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कळवलं म्हणून कुणी तुरुंगात घालत नाही. चौकशी होते, दावे सांगायला मुदत दिली जाते. कुणी जुना मालक पुढे आला नाही आणि आधी काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. हे शेतमजुरीला जाणाऱ्या बायांनी नीट ऐकून ठेवा. खड्डा तुमच्या हाताने खणला तर मोठा वाटा तुमचा आहे, मालकाचा नाही. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. आमच्या मते हे फारच तुटपुंजं. शिशाच्या नाण्याला धातूचा भाव तो काय! लोक नाणी लपवतात त्याला हेही एक कारण आहे, आणि हे बदलावं असं आम्हाला वाटतं. तोवर आहे तो कायदा असा आहे. आणि शंभर वर्षांपलीकडची नाणी परदेशात पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

गावी परतल्यावर आम्ही मावशींसोबत बांधावर गेलो. खापऱ्या अजून तिथेच होत्या, पावसाने धुतलेल्या. वेचून पिशवीत घातल्या. खड्ड्याची खोली काठीने मोजली, विहिरीपासूनचं अंतर पावलांनी मोजून लिहिलं. मग मंडळात बसून अर्ज लिहिला. गट नंबर, तारीख, सात नाणी तांब्याची, खापऱ्या अकरा. तो मोटारसायकलवाला पुन्हा आला तेव्हा मावशींनी त्याला अर्जाची झेरॉक्स दाखवली. त्याने चहासुद्धा घेतला नाही.

अर्ज पुरा झाल्यावर मावशी म्हणाल्या, त्या एका नाण्याचं काय लिहायचं? लिहू नका, असं आमच्यातल्या दोघी म्हणाल्या. बरीच बोलाबोली झाली. शेवटी सही करण्याआधी ज्या ताईंनी चिंच आणली होती, त्यांनीच पेन घेतलं आणि खाली एक ओळ घातली: सातपैकी एक नाणं महिला मंडळात राखेने घासलं गेलं आहे, त्यावरची अक्षरं आमच्याकडून गेली.